जमीन थांबते, मन का थांबत नाही?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे नांदेड, हिंगोली किंवा परभणी जिल्ह्यांत राहतात त्यांना २१ मार्च २०२४ ची सकाळ नक्कीच आठवत असेल. सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही अर्धापूरचे लोक तेव्हा नुकते कुठे उठत होतो. जमिनीखालून कोणी जड ओंडका ओढत नेत असावे तशी आधी गुरगुर ऐकू आली आणि लगेच धक्का बसला. फडताळातली भांडी वाजली, भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्याला घासले, गल्लीतली कुत्री एकदम भुंकू लागली. सारा काही सेकंदांचा खेळ. लोक अंगणात येऊन एकमेकांना ‘तुमच्याकडं पण?’ असे विचारत होते, तोच अकरा मिनिटांनी दुसरा, पहिल्यापेक्षा हलका धक्का आला. पहिला ४.५ मापाचा आणि दुसरा ३.६ मापाचा. दोन्हींचे केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, जमिनीखाली सुमारे दहा किलोमीटरवर होते.

पुस्तकातला भूकंप येथे संपतो. साडेसहा वाजता जमीन पूर्वीसारखीच स्थिर होती. माणसे मात्र स्थिर झाली नव्हती. त्या रात्री आमच्या गल्लीत निम्मे लोक अंगणात झोपले. पुढे आठवडाभर नांदेड-हिंगोली रस्त्यावरून उसाचा किंवा केळीचा भरलेला ट्रक गेला, की मी बोलता बोलता थांबून छताच्या पंख्याकडे पाहत असे. मी पदार्थविज्ञान शिकवतो. ट्रकने जमीन थरथरते आणि त्यात भिण्यासारखे काही नाही हे मला ठाऊक आहे. तरीही मान आपोआप वर जाई.

जमीन थांबल्यावरही मन का हलत राहते, हा आजचा आपला विषय. भूकंप हे त्याचे एक उदाहरण. परीक्षा, आजारपण, घरातले भांडण, बापाच्या डोक्यावरचे कर्ज, यांपैकी कशानेही मन असेच हलते. पण भूकंपाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यात जमीन खरोखर हलली की नाही हे मोजून पाहता येते.

एका मुलीचा प्रश्न

आमच्या शेजारी दहावीत शिकणारी एक मुलगी राहत होती. तिची बोर्डाची परीक्षा चालू असतानाच हा धक्का बसला. त्या दिवसापासून तिने घरात झोपणे सोडले. भिंतीपासून लांब, अंगणाच्या मध्यभागी बाज टाकायची, चपला उशाशी ठेवायची. चौथा दिवस रविवार होता, होळीचा. तिचा शेवटचा पेपर राहिला होता. संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “सर, एक विचारू का? रात्रभर बाज हालती. आई म्हणती काही नाही, बाबा म्हणतेत काही नाही. पण मला तर हालल्यासारखं होतंच. मला येड लागलं का ओ?”

तिच्या घरच्यांनी तिला ‘घाबरू नको’ असे अनेकदा सांगितले होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ‘घाबरू नको’ म्हटल्याने आजवर कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. मीही तेच सांगणार होतो. पण तिचा प्रश्न मला एकदम आवडला. बाज हलते की नाही? हा तर मोजण्याचा प्रश्न आहे. मी म्हणालो, “येड-बिड काही नाही. बाज हलती म्हणतेस ना? चल, मोजून बघू.”

परात आणि विजेरी

आम्ही केलेला प्रयोग तुम्हालाही घरी करता येईल. एक पसरट परात जमिनीवर ठेवा आणि तिच्यात दोन बोटे पाणी ओता. पाणी पूर्ण शांत झाले की अंधार करून एका स्थिर ठेवलेल्या विजेरीचा झोत तिरपा पाण्यावर पाडा. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या भिंतीवर दिसेल. परावर्तनाचा नियम तुम्ही शिकला आहात. परावर्तक पृष्ठ जितक्या कोनाने कलते, त्याच्या दुप्पट कोनाने परावर्तित किरण वळतो. भिंत तीन मीटर दूर असेल आणि पाण्याचे पृष्ठ एका रेडियनच्या केवळ हजाराव्या भागाइतके कलले, तरी भिंतीवरचा ठिपका सहा मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना पाण्यात काहीही दिसत नाही, पण भिंतीवर ठिपका नाचतो. प्रकाशाच्या या तरफेचा उपयोग नाजूक उपकरणांत फार पूर्वीपासून करतात.

आमची परात त्या रात्री ओट्यावर ठेवली होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ठिपका थरथरे. माणूस जवळून चालत गेला तरी थरथरे. दार जोरात लावले की उडी मारे. बाकी वेळ तो भिंतीवर चिकटवल्यासारखा स्वस्थ असे. मुलगी बाजेवर आडवी झाली आणि मी तिला सांगितले, की हलल्यासारखे वाटेल तेव्हा ‘आता’ म्हण. वीस मिनिटांत ती सात वेळा ‘आता’ म्हणाली. त्यांपैकी दोनदा खरोखरच वाहन गेले होते. पाच वेळा ठिपका जागचा हलला नाही.

ती थोडी हिरमुसली. “म्हणजे मला भासच होतेत ना?”

येथे मी घाई केली असती तर चूक झाली असती. भास म्हणजे काहीही नसताना वाटणे. पण जमीन स्थिर आहे एवढ्यावरून बाजही स्थिर आहे असे सिद्ध होते का? मी घरातून आरशाचा एक तुकडा आणला. तो बाजेच्या गातावर, तिच्या उशीशेजारी ठेवला आणि विजेरीचा झोत त्याच्यावर पाडला. भिंतीवर आरशाचा ठिपका उमटला आणि तो हलत होता! अगदी थोडा, पण ठेक्यात. तिला मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायला सांगितली. नाडीचा ठोका आणि ठिपक्याचा झटका बरोबर जुळत होते.

बाज खरेच हलत होती. हलवणारी जमीन नव्हती, तिचे स्वतःचे हृदय होते.

यात चमत्कार काही नाही. हृदय प्रत्येक ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त जोराने बाहेर ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे रक्त एका दिशेने गेले की शरीराला उलट दिशेने बारीकसा झटका बसतो, बंदूक सुटल्यावर खांद्याला बसतो तसा. अमेरिकेतील आयझॅक स्टार या वैद्यकाने १९३९ च्या सुमारास माणसाला हलत्या फळीवर झोपवून हे झटके नोंदवणारे यंत्रच तयार केले होते. स्प्रिंगच्या वजनकाट्यावर अगदी निश्चल उभे राहा, काटा नाडीच्या तालावर बारीक डोलताना दिसेल. एरवी आपले लक्ष त्याकडे जात नाही. ज्याचे सारे लक्ष ‘हलते का, हलते का’ याकडे लागले आहे त्याला मात्र ते जाणवते. भूकंपानंतर असे वाटणारी माणसे जगभर आहेत. जपानी भाषेत तर या त्रासाला ‘भूकंपाची नशा’ अशा अर्थाचा एक शब्दच आहे.

हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आले. आपण वेडे नाही, आपण फार चांगले भूकंपमापक आहोत, फक्त केंद्र चुकते आहे, हे तिला पटले.

धोक्याची घंटा

आता पुढचा प्रश्न. हृदय एवढ्या जोराने का ठोकत होते?

वाटेत साप दिसला तर काय होते ते आठवा. विचार सुचण्याआधीच पाय मागे येतात. मेंदूकडून निघालेला संदेश अनुकंपी मज्जासंस्थेतून शरीरभर जातो, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन रक्तात सोडतात. हृदय जलद व जोरात चालते, श्वास वाढतो, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हे सर्व एका सूत्रात बांधून दाखवले: लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. पोटात गोळा येणे, हात थरथरणे यांना आपण दुबळेपणा समजतो, पण ती एका मजबूत यंत्राची कामगिरी आहे.

हे यंत्र फार हळवे लावलेले असते, आणि त्याला कारण आहे. दोरीला साप समजून दहा वेळा उडी मारली तर काय बिघडते? थोडा दम लागतो. पण सापाला एकदा जरी दोरी समजलो तर? म्हणून खोट्या घंटा पुष्कळ झाल्या तरी चालतील, पण खरी घंटा चुकता कामा नये, अशा बेताने ती बसवलेली आहे. मोठा धक्का बसल्यावर तर ती आणखी हळवी होते. ट्रकच्या आवाजाने माझी मान वर जात होती ती यामुळेच. यात बिघाड काही नाही. काही दिवसांत घंटा पूर्वीच्या जागी येते, बहुतेकांची येतेच.

मग काहींची का येत नाही?

लाऊडस्पीकरची किंकाळी

गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात माईकवरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो आणि अचानक कर्ण्यातून ‘कूंऽऽ’ अशी किंकाळी निघते हे तुम्ही ऐकले असेल. कोणीही ओरडलेले नसते. ती येते कोठून? माईकमध्ये शिरलेला बारीक आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. बाहेर पडलेले पुन्हा आत शिरण्याच्या या क्रियेला ‘फीडबॅक’ म्हणतात.

चिंतेचे नेमके हेच आहे. हृदय जोरात ठोकते. त्याने बाज बारीक हलते. ‘जमीन हलली!’ असे मन म्हणते. ॲड्रेनॅलीन सुटते. हृदय आणखी जोरात ठोकते. बाज आणखी हलते. फेरी पूर्ण झाली! परीक्षेत काय होते? पहिला प्रश्न वाचून क्षणभर काही आठवत नाही. छाती धडधडते. धडधड जाणवली की ‘आता माझे सगळे विसरणार’ असे वाटते. त्याने धडधड वाढते, आणि लक्ष प्रश्नावरून उडून धडधडीवर जाते. मग खरोखरच काही आठवत नाही. सुरुवातीचा आवाज किती बारीक होता, ते कोणाला सांगूनही पटणार नाही.

येथे थोडे गणित करू. एका फेरीत आवाज १.१ पट होतो असे धरा, म्हणजे दर फेरीला फक्त दहा टक्के वाढ. शंभरापासून सुरुवात केली तर वीस फेऱ्यांनंतर तो सुमारे ६७३ होईल. आता हीच पट ०.९ करा. वीस फेऱ्यांनंतर शंभराचे उरतील केवळ १२! १.१ आणि ०.९ यांत अंतर ते किती? ॲम्प्लिफायरचे बटण किंचित मागे फिरवण्याइतके. मांडवातला माणूस किंकाळी थांबवायला सगळे यंत्र बंद करीत नाही. तो बटण जरा मागे घेतो, किंवा माईकचे तोंड फिरवतो, किंवा कर्णा लांब नेतो. फेरीची पट एकच्या खाली आली की किंकाळी आपोआप विरते.

मला हे गणित फार महत्त्वाचे वाटते. कारण भ्यालेला मुलगा किंवा मुलगी स्वतःकडून भलतेच मागत असते: ‘मला मुळीच भीती वाटता कामा नये.’ ते जमत नाही, आणि जमत नाही म्हणून पुन्हा भीती वाटते. भीती शून्यावर आणण्याची गरजच नाही. पट एकच्या थोडी खाली आली की पुरे, बाकीचे काम काळ करतो.

बटण कोठे आहे?

पहिले बटण श्वासाचे. हृदयाचा वेग आपल्या हुकमाने कमी होत नाही, पण श्वास बराचसा आपल्या हाती आहे आणि हृदय श्वासाशी जोडलेले आहे. नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. आत घेताना नाडी थोडी जलद व सोडताना थोडी मंद होते, हे बऱ्याच जणांना बोटाखाली स्पष्ट कळते. श्वास सोडताना परानुकंपी मज्जासंस्थेचा ब्रेक हृदयावर लागतो. मग ब्रेक जास्त वेळ लावून ठेवायचा असेल तर? सोडण्याचा वेळ वाढवायचा! मनात चार अंक मोजून घ्या, सहा मोजून सोडा. मिनिटाला सुमारे सहा श्वास होतील. असे पाच मिनिटे करा.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. ‘मोठा श्वास घे’ असे लोक सांगतात, ते अर्धवट आहे. श्वास सावकाश हवा, भला मोठा नको. घाबरून भराभर मोठे श्वास घेतले, की रक्तातला कार्बन डायॉक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्याने डोके हलके होते, बोटांना व ओठांना मुंग्या येतात, कधी बोटे आखडतात. मग माणसाला वाटते, आपल्याला आता काहीतरी होणार, आणि तो आणखी भराभर श्वास घेतो. पुन्हा किंकाळी! मुलीने त्या रात्री सावकाश श्वासाचा प्रयोग केला. नाडी मिनिटाला ९६ होती, सात मिनिटांनी ती ७८ वर आली. आरशाचा ठिपकाही मंदावला. तो मंदावलेला भिंतीवर दिसत होता, हे माझ्या उपदेशापेक्षा तिला जास्त उपयोगी पडले.

दुसरे बटण नोंदीचे. मी तिला वहीत चार रकाने आखायला सांगितले: वेळ, काय वाटले, परातीतला ठिपका हलला का, शेवटी काय निघाले. चिंता नेहमी ‘पुढे काय होईल’ याबद्दल बोलते आणि घडून गेलेल्याची नोंद ठेवत नाही. तिच्या खोट्या घंटांचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणून ती दर वेळी नव्याने खरी वाटते. चार-पाच दिवसांत त्या वहीची दोन पाने भरली आणि शेवटच्या रकान्यात ‘ट्रॅक्टर’, ‘शेजारचे दार’, ‘माझे हृदय’ हेच शब्द पुन्हा पुन्हा आले. पाचव्या दिवसानंतर नोंदी कमी झाल्या. तिला लिहायचा कंटाळा आला होता, हेही एक चांगले लक्षणच.

तिसरे बटण सर्वांत अवघड. ज्याची भीती वाटते ते टाळले की लगेच बरे वाटते, पण घंटा तशीच हळवी राहते. रोज अंगणात झोपायचे आणि सकाळी म्हणायचे, ‘बाहेर झोपले म्हणून वाचले.’ घरात झोपूनही काही झाले नसते, हे कळण्याची संधीच मिळत नाही. तेव्हा परत आत यायचे, पण एकदम नव्हे. ती दोन रात्री ओट्यावर झोपली, मग दाराजवळ आतल्या बाजूला, मग आपल्या जागी. प्रत्येक टप्प्यावर पहिली रात्र वाईट गेली आणि दुसरी बरी.

‘पण सर, मोठा येऊ शकतो ना?’

हा प्रश्न तिने विचारला आणि येथे श्वासाने भागण्यासारखे नव्हते. मला खोटे सांगायचे नव्हते.

मी सहावीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र संपत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे गेली. आम्ही दूर असूनही जागे झालो. महिनाभर गावातली माणसे उघड्यावर झोपत होती आणि ‘आज रात्री बारा वाजता पुन्हा होणार’ अशी आवई दर दोन दिवसांनी उठत होती. आज तीच आवई मोबाईलवरून येते, एवढाच फरक. भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगण्याची विद्या अजून जगात कोणाकडेही नाही. म्हणून जो तारीख-वेळ सांगतो तो खोटे सांगतो, हे मात्र आपण खात्रीने म्हणू शकतो.

किल्लारी भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्येही धक्के बसले होते. म्हणजे लहान धक्क्यानंतर मोठा कधीच येत नाही, असे म्हणता येत नाही. पण पुष्कळदा लहान धक्के लहानच राहतात. नांदेड शहरात २००६-०७ मध्ये जमिनीखालचे आवाज व हलके धक्के कितीतरी दिवस चालले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून त्यांचा अभ्यास केला. तेथे मोठा भूकंप झाला नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदेचे लोक तर जमिनीतले गूढ आवाज अनेक वर्षे ऐकत आले आहेत.

मापांचा अर्थही समजून घ्या. भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचे माप ६.२ धरले, तर त्यातली ऊर्जा आमच्या ४.५ मापाच्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. मन मात्र दोन्हींना एकच नाव देते, आणि नाव एक म्हणून भीतीही एकच.

आता राहिले ते ‘येऊ शकतो’. त्याचे काय करायचे? किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर पडून. म्हणजे काळजी करायची तर ती घराची. आमच्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवण्याची रीत आहे. २१ मार्चच्या धक्क्यांनंतर जिल्हा प्रशासनाने हे दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते. मी मुलीला विचारले, “तुमच्या पत्र्यावर दगड आहेत का?” होते. अंगणात चार रात्री जागून काढल्या, पण दगड तसेच! दुसऱ्या दिवशी धुळवड होती. तिच्या वडिलांनी व भावाने दगड खाली उतरवले आणि पत्रे हुकांनी आवळून घेतले. बाजेजवळचे कपाट हलवले, भिंतीला नवी भेग पडली आहे का ते पाहिले. पहिल्या रात्री बाहेर झोपणे मी मूर्खपणाचे मानत नाही. ज्याचे घर जुने, दगडमातीचे आणि तडे गेलेले आहे त्याने तर घर तपासून होईपर्यंत आत झोपूच नये. तेथे घंटा खरी आहे. पण तिने सांगितलेले काम एकदा करून झाले की तिला वाजत ठेवण्यात अर्थ उरत नाही. अभ्यासाचेही तसेच. ‘नापास झालो तर?’ या प्रश्नातून ‘उद्या सकाळी प्रकाशाच्या धड्यावरची दहा उदाहरणे’ एवढे काम काढता आले तर घंटेचा उपयोग झाला.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. वर्गात एखादे मूल सतत पोट दुखते म्हणते, शाळा टाळते, कित्येक आठवडे नीट झोपत नाही, जेवत नाही, तर परात-आरशावर अवलंबून राहू नये. काही घंटा इतक्या अडकलेल्या असतात की त्यांना जाणता हात लागतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे दात दुखल्यावर दंतवैद्याकडे जाण्यासारखेच आहे. ‘टेली-मानस’ ही सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केला तर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर मात्र एक दिवसही थांबू नये, मूल एकटे राहू देऊ नये.

१० जुलै २०२४ ला सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी आम्हाला पुन्हा धक्का बसला. माप पुन्हा ४.५, केंद्र पुन्हा हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. मी अंगणात धावलो आणि सवयीप्रमाणे पंख्याकडे पाहण्यासाठी परत आत डोकावलो. मुलगी तोवर अकरावीत गेली होती. अर्ध्या तासाने ती वही घेऊन आली. अक्षर वाकडेतिकडे होते, हात कापत असताना लिहिलेले. म्हणाली, “लई भ्याले सर. पण आधी गुरगुर ऐकू आली ना, तवाच मोजायला लागले.”

भूकंपाचे प्राथमिक तरंग खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येतात, आणि गुरगुर ऐकू येते ती त्यांच्यामुळे. जोराचा हादरा देणारे दुय्यम तरंग सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात. दोन्हींमधल्या अंतराच्या दर सेकंदाला केंद्र साधारण आठ किलोमीटर दूर, हे मी तिला एप्रिलमध्ये कधीतरी सांगितले होते. वहीत लिहिले होते:

‘७.१४. गुरगुर, मग धक्का. मध्ये तीन अंक मोजले. ३ × ८ = २४ कि.मी. नाडी ७.२० ला ११२, ७.३५ ला ८४. पत्र्यावर दगड नाहीत. चहा घेतला.’